गुडघ्यावरची सूज चोळू नका, आधी एक्सरे काढा

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी कबड्डी खेळताना पडला तेव्हापासून गुडघ्याच्या वर दुखतंय, आता सूजही आलीय. गावात हाडवैद्याकडून चोळून घेतलं, लेप लावला, पण फरक नाही. एक्सरे बघून एक डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन असेल, दुसरे म्हणतात बायोप्सी करा, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासा. घरचे म्हणतात सुई लावली की गाठ पसरते. काय करू? (एक आई, बीड जिल्हा)

उत्तर: ताई, चोळणं आणि लेप आजच्या आज बंद करा. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाहीये, एक्सरे समोर नसताना कुणीच तसं म्हणू नये. पण मुका मार दोन-तीन आठवड्यांत उतरतो, तो दोन महिने वाढत राहत नाही. पोरगा रात्री दुखण्याने उठून बसतो का, ते बघा. 10 ते 20 वयात हाडाचा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपासच सापडतो. पडल्यामुळे तो होत नाही, पडल्यामुळे फक्त त्या जागेकडे लक्ष जातं, आणि मग सगळं खापर त्या पडण्यावर फोडलं जातं नि महिने निघून जातात.

इन्फेक्शन म्हणणारे डॉक्टरही उगाच बोलले नाहीत. हाडात पू झाला की बहुतेकदा ताप येतो, जागा गरम लागते, मूल पाय टेकवत नाही, आणि हे सगळं थोड्याच दिवसांत होतं. पण युइंग सार्कोमा नावाच्या कॅन्सरमध्येही ताप येतो, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढतो, कधीकधी आतून पुवासारखं पाणीही निघतं, त्यामुळे नुसत्या अंदाजावर आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक देत बसणं मला अजिबात पटत नाही. तुकडा काढला की तो कल्चरला (जंतू आहेत का बघायला) पण जायला हवा आणि पॅथॉलॉजीला (कॅन्सरच्या पेशी आहेत का बघायला) पण, दोन्हीकडे, हे तुम्ही स्वतः विचारून घ्या.

सुईने गाठ पसरते ही भीती मनातून काढून टाका. धोका आहे तो चुकीच्या जागी, घाईघाईत केलेल्या बायोप्सीचा. कॅन्सर निघाला तर सुई ज्या वाटेने गेली ती वाटसुद्धा सर्जनला पुढे गाठीबरोबर कापून काढावी लागते, वाट चुकली तर वाचणारा पाय जाऊ शकतो. म्हणून जिथे ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी करा, आणि त्याआधी एमआरआय, कारण सुई लावल्यावर आत रक्त साकळतं आणि चित्र गढूळ होतं. कॅन्सर ठरला तर छातीचा सीटी लागतो, हा आजार बहुतेकदा आधी फुफ्फुसात जातो.

पूर्वी पाय कापूनही बहुतेक मुलं हातची जायची. आता आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो असं चालतं, बऱ्याच जणांचा पाय आत धातूचा सांधा बसवून वाचवता येतो, आणि आजार पसरलेला नसेल तर 100 पैकी साधारण 60 ते 70 मुलं बरी होतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये हाडांच्या कॅन्सरची वेगळी टीम आहे. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा.

प्रश्न: बायकोला मणक्याचा टीबी आहे, सहा महिने गोळ्या झाल्या, पाठ दुखायची थांबली. आता बंद करू का? घरात तिचं ताट वेगळं ठेवलंय. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही दादा, बंद करू नका. सहा महिन्यांचा कोर्स साधारणपणे फुफ्फुसाच्या टीबीला असतो, मणक्याला किमान 12 महिने, कधी 18 पण लागतात. दुखणं आधी थांबतं, जंतू नंतर मरतात. पायात मुंग्या, चालताना अडखळणं, लघवीवर ताबा न राहणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सरकारी औषधं फुकट आहेत, शिवाय पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, ते येत नसतील तर टीबी सेंटरवर चौकशी करा. आणि ते वेगळं ताट आजच आत ठेवा, फुफ्फुसात टीबी नसेल तर मणक्याचा टीबी घरच्यांना लागत नाही, आणि ताटातून तर कुठलाच लागत नाही.

प्रश्न: आठ महिन्यांच्या बाळाला ताप आहे, डावा पाय हलवत नाही, डायपर बदलताना किंचाळतं. एक्सरे नॉर्मल आहे. (एक बाबा, सांगली)

उत्तर: तुम्हाला आम्ही लगेच कळवलं होतं, इथे छापतोय ते बाकीच्या आईबापांसाठी. खुब्याच्या सांध्यात पू झाला की काही दिवसांत कूर्चा (सांध्यात हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) विरघळते आणि पोर आयुष्यभर लंगडतं. एक्सरे सुरुवातीला नॉर्मलच येतो, त्यावर निर्धास्त राहू नका. सोनोग्राफीत पाणी दिसतं, सुईने ते काढून तपासतात, पू निघाला तर सांधा उघडून धुवावा लागतो, आणि शक्यतो त्याच दिवशी. म्हणजे असं बाळ असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही, रात्रीच कॅज्युअल्टीत न्यायचं.