सिनेमावरून रात्रभर भांडणारा मुलगा

"भांडण अभ्यासावरून असतं तर मला कळलं असतं. हा एका सिनेमावरून दोन-दोन वाजेपर्यंत जागतो, ओळखदेख नसलेल्या माणसांशी भांडतो, सकाळी डोळे लाल. मॅडम, हे व्यसन म्हणायचं का?"

समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेल्या, डिचोली तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा १७ वर्षांचा, हायर सेकंडरीत बारावीला. वडील बोटीवर, आठ-नऊ महिन्यांनी घरी येणारे. एका मोठ्या विज्ञानकथा मालिकेतून फुटून निघालेला नवा सिनेमा आला. मुलाने पहिल्याच दिवशी कदंबा बस पकडून पणजी गाठली, सकाळचा खेळ पाहिला आणि परतला तो न जेवताच खोलीत गेला. त्याला तीन आठवडे झाले होते. मालिकेतलं त्याच्या आवडत्या वैमानिकाचं हेल्मेट त्याने स्वतः फोमचं बनवलं होतं. तेही त्याने कटरने उभं चिरलं, तेव्हा आई घाबरली.

हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो, म्हणून इथे तशा दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र करून, ओळखीचे तपशील बदलून लिहिलं आहे. सिनेमाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

आधी व्यसनाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेम खेळण्याच्या विकाराचा समावेश झाला आहे, आणि त्याच्या निदानासाठीही साधारण १२ महिन्यांचं वागणं पाहतात. सिनेमाच्या चाहतेपणाचा असा कोणताही आजार त्या यादीत नाही. आईला आम्ही हे सांगितलं आणि त्याबरोबरच आणखी काही प्रश्न विचारले. जेवतो का? शाळा बुडते का? मित्र घरी येतात का? मरणाबद्दल, नाहीसं होण्याबद्दल कधी बोलला का? स्वतःला कुठे इजा केली आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं 'नाही' अशी होती. मुलाला एकट्याला भेटलो तेव्हा तेच प्रश्न त्यालाही सरळ शब्दांत विचारले. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते येईल ही भीती पालकांनी मनातून काढून टाकावी. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सुटकेचा श्वास सोडतात.

पहिल्या भेटीत मुलगा जवळजवळ गप्पच होता. घरातल्यांनी त्याला 'साधा सिनेमा तर आहे' हे इतक्यांदा ऐकवलं होतं की आम्हीही तेच म्हणणार असं त्याने धरून ठेवलं होतं. आम्ही त्याला विचारलं, "कुठल्या प्रसंगाला तुला पहिल्यांदा वाटलं की हे बिघडलं?" त्यावर तो चाळीस मिनिटं बोलला.

मालिकेतून फुटून निघालेल्या सिनेमांवर चाहते का चिडतात, हे पालकांनी जरा समजून घ्यायला हवं. मूळ गोष्टीत मोकळ्या जागा असतात. एखाद्या पात्राचं बालपण, एखादी जुनी लढाई यांचा एका ओळीत उल्लेख होतो आणि गोष्ट पुढे जाते. चाहता त्या जागेत वर्षानुवर्षं राहतो, स्वतःच्या मनाने ती भरत असतो. मग नवा सिनेमा येतो आणि तिथे पक्कं उत्तर ठेवतो. 'स्टार वॉर्स' मालिकेतला २०१६चा 'रोग वन' १९७७च्या मूळ सिनेमाच्या सुरुवातीच्या मजकुरातल्या एका उल्लेखावर उभा आहे, आणि तो पुष्कळांना आवडला. त्याच मालिकेतल्या २०१८च्या 'सोलो'मध्ये नायकाला त्याचं आडनाव एका भरती अधिकाऱ्याने नोंदीपुरतं दिलं, असं दाखवलं. ते अनेकांना फार खटकलं. ज्याने त्या आडनावामागे मनातल्या मनात अख्खं घराणं उभं केलं होतं, त्याच्या हातून ते घराणं गेलं. गावच्या जत्रेतल्या नाटकात ठरलेल्या भूमिकेत नवा नट उभा राहिला की पुढच्या रांगेतले जुने रसिक कसे कसनुसे होतात, ते गोव्यात वेगळं सांगायला नको. प्रेम असतं म्हणूनच ते कसनुसे होतात.

आम्ही मुलाला एक तक्ता दिला. सात रात्री, चार रकाने: किती वाजले, काय पाहिलं, काय लिहिलं, अंगात काय झालं. शेवटचा रकाना मुलं कंटाळून सोडतात, आणि नेमका तोच कामाचा असतो. त्याने लिहिलं होतं: 'कान गरम', 'दात आवळलेले', 'हात थंड'. आठवडाभरात त्याने ६१ प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. त्यातल्या सिनेमाबद्दलच्या फक्त नऊ, बाकीच्या सगळ्या ठरावीक पाच माणसांबद्दल. साडेअकरानंतरची तर एकही सिनेमाबद्दल नव्हती.

ती पाच माणसं म्हणजे डिस्कॉर्ड या गटाने गप्पा मारायच्या ॲपवरच्या त्याच्या कंपूतली मुलं. चार वर्षं रोज बोलणारी, एकमेकांना कधीच न भेटलेली. सिनेमा आल्यावर कंपूत 'आवडला' आणि 'नासवला' असे दोन तट पडले आणि तिसऱ्या दिवशी याला बाहेर काढलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला दिसत होता फक्त मोबाइल.

तट इतक्या झटपट का पडतात? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. तुला क्ले या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली की कँडिन्स्कीची, एवढ्यावर गट पाडल्याचं मुलांना सांगितलं. खरी वाटणी कशीही केलेली होती. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. ती मुलं तर एकाच शाळेतली होती. आमच्या मुलाला हा प्रयोग सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ते मला सिनेमासाठी बोलत नव्हते." इथून कामाला खरी सुरुवात झाली.

आमचा पहिला उपाय फसला. रात्री दहानंतर मोबाइल पूर्ण बंद असं ठरवलं होतं, तिसऱ्या दिवशी मोडलं. बारावीच्या नोट्स व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री उशिरा येतात आणि गजरही मोबाइलवरच लागतो. म्हणून बाजारातून एक साधं गजराचं घड्याळ आणलं. नोट्स रात्री साडेनऊपर्यंत आईच्या फोनवर उतरवून घ्यायच्या आणि साडेदहाला त्याचा मोबाइल चार्जिंगला हॉलमध्ये जायचा, असं ठरलं. आईचा मोबाइलही त्याच टेबलावर. ही अट मुलाची होती आणि ती रास्त होती.

दुसरं काम आग लावणाऱ्या गोष्टी नजरेआड करण्याचं. डिस्कॉर्डवरचे सिनेमाचे उरलेले गट म्यूट केले, उठसूट पाहावंसं वाटू नये म्हणून 'मी परत चालू करेपर्यंत' हा पर्याय निवडून. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) सेटिंगमध्ये नको असलेले शब्द म्यूट करता येतात, तिथे सिनेमाचं नाव, त्याचं संक्षिप्त रूप आणि वैमानिकाचं नाव असे तिन्ही शब्द घातले. एकच घातला तर बाकीच्या वाटांनी सगळं परत येतं. यूट्यूबवर 'हा सिनेमा का मेला' छापाचे व्हिडिओ तो संतापून शेवटपर्यंत बघायचा. शेवटपर्यंत बघितलं की ॲपला आवडलं असंच वाटतं आणि तसेच दहा पुढे येतात. म्हणून व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर दाबून 'या चॅनलची शिफारस नको' हा पर्याय निवडायचा आणि बघण्याचा इतिहास पुसायचा. साधारण आठवडाभरात पान बदललेलं दिसलं.

तिसरं काम व्याकरणाचं. लिहायची बंदी आम्ही घातली नाही. चाहत्याला लिहू न देणं म्हणजे त्याचं प्रेमच तोडणं. फक्त आधी कागदावर लिहायचं, प्रत्येक वाक्यातला कर्ता ओळखायचा आणि सकाळी वाचून मग टाकायचं. कर्ता सिनेमा, प्रसंग, संवाद, संकलन यांपैकी असेल तर वाक्य जाऊ द्यायचं. 'तू', 'ती', 'हे लोक' असेल तर थांबायचं. 'दुसऱ्या भागात वैमानिकाचा निर्णय अचानक येतो, त्याची तयारी आधी दिसत नाही' हे वाक्य जाईल. 'ज्यांना हे आवडलं त्यांना मालिका कळलीच नाही' हे राहील. पहिल्या दिवशी त्याच्या अकरा वाक्यांपैकी दोन उरली. पंधरा दिवसांनी तीन पानांचं परीक्षण तयार झालं. कठोर होतं, वाचण्यासारखंही होतं. सिनेमा त्याला आवडला नाही तो नाहीच, आणि आवडून घे असं आम्ही त्याला एकदाही म्हटलं नाही.

हे चाललेलं असतानाच एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली. सिनेमातल्या अभिनेत्रीच्या फोटोखाली त्याने तिच्या दिसण्याबद्दल घाणेरडं लिहिलं होतं. आम्ही ओरडलो नाही. त्याच्या आवडत्या क्षेत्रातलीच दोन माणसं त्याला सांगितली. १९९९च्या 'स्टार वॉर्स' सिनेमात जार जार बिंक्स साकारणाऱ्या अहमद बेस्टने २०१८ साली जाहीरपणे सांगितलं की त्या वेळच्या टीकेने त्याच्या मनात जीव द्यायचे विचार आले होते. म्हणजे तो १९ वर्षांनी बोलला. त्याच २०१८ साली त्याच मालिकेतल्या केली मारी ट्रान या अभिनेत्रीने छळाला कंटाळून इन्स्टाग्रामवरचे आपले सगळे फोटो काढून टाकले. मुलगा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिला. मग त्याने आमच्यासमोरच ती प्रतिक्रिया पुसली. "माफीचा मेसेज पाठवू?" आम्ही 'नको' म्हटलं. तिला आणखी एका अनोळखी मुलाच्या मनाचं ओझं कशाला? पुसायचं, पुन्हा लिहायचं नाही, दुसरा कोणी लिहिताना दिसला तर रिपोर्ट करायचं.

चौथ्या भेटीला तो एक लाँगबुक घेऊन आला. निळ्या शाईत १४२ पानं. पाचवीपासून लिहिलेली त्या वैमानिकाची गोष्ट. समासात यानाचे नकाशे, काही पानांवर खोबरेल तेलाचे डाग. त्याच्या गोष्टीत वैमानिकाचे वडील दूरच्या मार्गावर मालवाहू यान चालवतात आणि दर काही पानांनी त्यांचा निरोप येतो. नव्या सिनेमाने दाखवलं होतं की वडील मुलाला जाणूनबुजून टाकून गेले.

आम्ही वही मिटून त्याच्याकडे दिली. "तुझे बाबा किती दिवसांनी फोन करतात?" असं विचारल्यावर तो रडला. सगळ्या संतापाचं मूळ इथेच होतं असा दावा आम्ही करणार नाही. कंपू तुटणं हेही खरं दुःख होतं, आणि सिनेमात खरोखरच उणिवा होत्या. पण पालकांनी 'साधा सिनेमा' म्हणण्याआधी आपल्या मुलाने त्या सिनेमात काय नेऊन ठेवलं आहे, हे एकदा तरी विचारावं, ही आमची कळकळीची विनंती आहे.

वडिलांशी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो. बोटीवरचं इंटरनेट बेभरवशाचं, म्हणून रोजचं वचन द्यायला आम्हीच मना केलं. मोडलेलं वचन आणखी लागतं. रविवार आणि बुधवार असे दोन दिवस ठरले, आणि फोन लागला नाही तर रेकॉर्ड करून ठेवलेला आवाजी निरोप. पहिल्या कॉलमध्ये मार्कांचा विषय काढायचा नाही हे आम्ही वडिलांना दोनदा बजावलं.

सगळीकडे इतकं साधत नाही. झोप, जेवण आणि शाळा ही तिन्ही दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असतील तर सिनेमाचं निमित्त बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. सिनेमाचं निमित्त बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. गोव्यात बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आठव्या आठवड्यात मुलगा अकराच्या आसपास झोपत होता. मधे दोन रात्री पुन्हा बिनसलं, एका मुलाखतीवरून. जुन्या कंपूतल्या एकाने त्याला वेगळा मेसेज केला, बाकीचे परतले नाहीत. चिरलेलं हेल्मेट त्याने कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने जोडलं. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा, दहा मिनिटं सुकू द्यायचा आणि मगच दाबायचं, नाहीतर फोम धरत नाही, हे त्यानेच आम्हाला समजावलं. ती शिवण तशीच दिसते. वाड्यावरच्या मुलांनी दिवाळीत जाळायच्या नरकासुराचा मुखवटा यंदा त्याच्याकडे सोपवला आहे. कागदाच्या लगद्याऐवजी शिंगं फोमची करायची की नाही, यावरून तिथेही जोरात वाद चालू आहे. आता समोरासमोर.

आईने शेवटच्या भेटीत विचारलं, "त्याची वही मी वाचायला मागू का?"

मागू नका. तो टेबलावर उघडी ठेवेल त्या दिवशी शेजारी बसा, आणि पहिला प्रश्न यानाच्या नकाशाबद्दल विचारा.