'युरी'ला मराठीत काय म्हणायचं?

मालवणच्या एका मुलीने विचारलंय की बाईचं बाईवर प्रेम असलेली जी जपानी कॉमिक्स असतात त्यांना 'युरी' का म्हणतात आणि मराठीत त्याला शब्द कोणता, कारण आजीने "काय वाचतस गो?" विचारलं की ती "मैत्रिणींची गोष्ट" म्हणून सांगते आणि दर वेळी आपण खोटं बोललो असं तिला वाटत राहतं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. मी पण बाईवर प्रेम करणारी बाई, आणि घरी कित्येक वर्षं मी हेच उत्तर दिलंय.

आधी शब्द. युरी म्हणजे लिलीचं फूल. जपानीत ते दोन चिन्हांनी लिहितात, एकाचा अर्थ शंभर, दुसऱ्याचा जुळणं. बायकांच्या प्रेमाशी हे फूल जोडलं गेलं १९७६ मध्ये. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं 'बाराझोकु' नावाचं मासिक होतं, बारा म्हणजे गुलाब आणि झोकु म्हणजे कूळ, जमात. त्याचे संपादक इतो बुनगाकु यांनी बायकांच्या पत्रांसाठी एक सदर काढलं आणि त्या बायकांना नाव दिलं युरीझोकु, लिलीच्या कुळातल्या. म्हणजे बघ, हा शब्द आधी पत्रं लिहिणाऱ्या जित्याजागत्या बायकांचा होता, गोष्टींना तो मागाहून लागला. मला हे फार फार आवडतं.

आता मराठी. फुलाचंच भाषांतर करायचं तर कुमुदिनी सुचते, कानाला गोड आहे पण कुमुदिनी तळ्यातली आणि लिली जमिनीतल्या कांद्यातून येणारी, झाडंच वेगळी. पावसात आपल्याकडे कुंपणावर चढते ती कळलावी लिलीच्या दूरच्या नात्यातली आहे, पण कळलावी म्हटलं की भांडणं लावणारी बाई डोळ्यासमोर येते, ते नको. 'समलिंगी चित्रकथा' बरोबर आहे पण सरकारी अर्जातल्या रकान्यासारखं वाटतं, शिवाय त्यात पुरुषांच्या गोष्टी पण आल्या. लेस्बियन शब्द मला स्वतःसाठी आवडतो. त्याचा मूळ अर्थ नुसता 'लेस्बॉस बेटावरची', बायकांवरच्या प्रेमाच्या कविता लिहिणारी सॅफो तिथली म्हणून, आपण मालवणी म्हणतो तितकाच साधा गाववाचक शब्द. पण आजी पुढे विचारणार लेस्बियन म्हणजे काय, आणि तू परत तिथेच.

राहिली मैत्रीण. पुरुषाने "ही माझी मैत्रीण" म्हटलं की चार माणसं वळून बघतात, बाईने म्हटलं की कुणी मान पण वर करत नाही. हा शब्द आपल्याला लपायला जागा देतो आणि तीच जागा नंतर अडगळीची खोली होते, म्हणून तुला ते खोटं वाटतं. विजय तेंडुलकरांचं १९८१चं 'मित्राची गोष्ट' हे नाटक आहे ना, त्यातल्या बाईवर प्रेम करणाऱ्या सुमित्राला मित्रा म्हणतात, आणि मित्र काय नि मित्रा काय, 'ची' लावलं की दोन्हीचं मित्राचीच होतं. नावातच ती अशी अर्धी झाकलेली. आणि ती शेवटी जगत नाही. ते वाचून मी पार खचले होते, आणि त्यानंतर कधीतरी युरी हाताला लागली जिच्यात दोघी जणी घर भाड्याने घेतात, भात कुणी लावायचा यावरून भांडतात, रात्री एकीला ताप येतो आणि दुसरी उशाशी बसून राहते, एवढंच, कुणी मरत नाही. कुडाळहून ठाण्याला रेल्वेने येताना मोबाईलवर वाचत होते, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेटवर्क गेलं आणि नेमकं त्या तापाच्या पानावर सगळं अडकलं, बोगदा संपेपर्यंत मी काचेकडे बघत रडत होते.

म्हणून माझं मत, प्रकाराचं नाव युरीच ठेवायचं, जसा जपानी कॉमिक्ससाठी मांगा शब्द घेतला तसा. ईकारान्त आहे त्यामुळे मराठीत आपोआप स्त्रीलिंगी होतो: नवी युरी आली, ती मी रात्रीत वाचली. आणि आजीला सांगायला नाम शोधूच नको, वाक्य सांग. आपली क्रियापदं इथे कामाला येतात. 'मी तुझ्यावर प्रेम करते' मध्ये बोलणारी बाई आहे हे कळतं, समोर कोण ते कळत नाही. 'तू मला आवडतेस' मध्ये उलटं, समोर बाई आहे पण बोलणारं कोण ते झाकलेलं. दोन्ही टोकं उघडी करायची तर 'मी तुझ्यावर प्रेम करते गं', त्या एका 'गं'ने काम होतं. जपानी क्रियापदात हे कळतच नाही, त्यामुळे मनातल्या मनात मराठी करताना संवादाच्या फुग्यातल्या प्रत्येक वाक्याला मला ठरवावं लागतं.

मालवणीत तर अजून मजा, तिथे 'आवडतस' बाईला पण तेच आणि बाप्याला पण तेच, सगळा भार 'रे' नाहीतर 'गो'वर. तुझी आजी तुला रोज जे 'गो' म्हणते ना, तेच. आता विचारलं की सांग, "आये, यात एक चेडू दुसऱ्या चेडवाक सांगता, माका तू आवडतस गो."