जगातला सगळ्यात मोठा खेकडा कोणता आणि तो माणसाला धोकादायक असतो का?

जपानी स्पायडर क्रॅब. एका नांगीच्या टोकापासून दुसऱ्या नांगीच्या टोकापर्यंत ताणून मोजला तर ३.७ मीटरपर्यंत भरतो, म्हणजे १२ फूट, आणि वजन १९-२० किलोपर्यंत जातं. तुम्ही प्रश्नाखाली "नारळ फोडणारा खेकडाच ना?" असं लिहिलंय, तर तो नाही. आणि किंग क्रॅब तर अजिबातच नाही.

खरं तर उत्तर इथे संपलं, पण हा प्रश्न दिसला आणि मला राहवेना, कारण ह्याच प्रश्नाने मी नववीत असताना आमच्या हातातली ट्रॉफी घालवली आणि त्यावरून मी आजपर्यंत टोमणे खातेय.

आंतरशालेय प्रश्नमंजुषेची फायनल होती. दोघांची टीम, मी आणि माझा मावसभाऊ, तो दहावीत, त्यामुळे कॅप्टन अर्थात तोच. शेवटचा प्रश्न राहिलेला आणि आम्ही पाच मार्कांनी पुढे. बझर म्हणजे काय तर लाकडी फळीवर ठोकलेली दाराची बेल, तीही माझ्या बाजूला सरकवलेली कारण दादाच्या हाताला घाम यायचा. सरांनी विचारलं, "जगातला सर्वांत मोठा खेकडा कोणता?" आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत मी बेल दाबली. दादा कानाशी "किंग क्रॅब, किंग क्रॅब" करत होता. मी म्हटलं जपानी स्पायडर क्रॅब. मला माहीत होतं हो! लायब्ररीतल्या एनसायक्लोपीडियात चित्रच होतं, खेकडा पाय पसरून आडवा आणि शेजारी अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा, ते चित्र मी इतक्या वेळा बघितलं होतं की त्या माणसाच्या टोपीचा आकारही सांगितला असता.

सर म्हणाले, चूक. पास. समोरच्या टीमने किंग क्रॅब सांगितलं, त्यांना दहा मार्क, आम्ही पाचने हरलो. मी उठून सरांच्या टेबलापाशी गेले, म्हटलं सर पुस्तकात दिलंय, पाहिजे तर आणून दाखवते. त्यांनी मला कार्ड दाखवलं. निळ्या शाईत "किंग क्रॅब", खाली दोन रेघा मारलेल्या. "कार्डावर आहे तेच उत्तर," म्हणाले आणि कार्ड खिशात टाकलं. मला त्या माणसाचा राग नाही पण त्या दोन रेघांचा अजून आहे. इतकी खात्री कशाची होती कोण जाणे.

दादा त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि नंतर जो बोलायला लागला तो थांबलाच नाही. कुठलंही लग्न, बारसं, साखरपुडा असो, नवीन पाहुणा दिसला की हा सुरू, "हिला काही विचारू नका हां, ही आधी बेल दाबते मग विचार करते." माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना पण सांगून झालंय.

आता किंग क्रॅबबद्दल एकदाच नीट लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी वाद घातला तर ही लिंक तोंडावर मारता येईल. किंग क्रॅब मोठा असतो, कबूल, लाल किंग क्रॅबचा पसारा जास्तीत जास्त १.८ मीटर आणि वजन साडेबारा किलोच्या आसपास. म्हणजे लांबीला जवळजवळ निम्मा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो खरा खेकडाच नाही, तो हर्मिट क्रॅबच्या खानदानातला. हर्मिट म्हणजे ते शंखात पार्श्वभाग लपवून फिरणारे. ओळखायची खूण एकदम सोपी, पाय मोजा. खऱ्या खेकड्याला नांग्या धरून दहा पाय दिसतात, किंग क्रॅबला आठच, शेवटची जोडी इतकी बारीक असते की ती कवचाखाली दुमडलेली राहते, बाहेरून दिसतच नाही. मादी उलटी केली तर पोटाखालची झडप एका बाजूला वाकडी असते, पूर्वज कधीकाळी पिळाच्या शंखात राहायचे त्याची ती आठवण. नारळवाल्याचंही तेच, तोही हर्मिटचाच भाऊबंद, लहानपणी चक्क शंख घेऊन फिरतो आणि मोठा झाला की सोडून देतो. जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद (म्हणजे सांध्यांच्या पायांच्या, कीटक-कोळी-खेकडे वगैरे) प्राण्यांत तो सगळ्यात मोठा हे बरोबर, पण म्हणजे किती, तर चार किलो आणि मीटरभर. कचऱ्याच्या डब्यावर चढलेल्या त्याच्या एका फोटोमुळे लोकांना वाटतं ह्याच्याहून मोठं जगात काही नाही. आणि गंमत म्हणजे मोठा झालेला नारळवाला पाण्यात टाकला तर बुडून मरतो. खेकडा आणि बुडून!

असो. तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त मला दोन महिने ओसाकाला राहायचं होतं, शेवटच्या आठवड्यात नवरा आला, आणि त्याला किल्ला बघायचा होता पण मी त्याला आधी काइयुकानला नेला. काइयुकान म्हणजे तिथलं मत्स्यालय, तिथे आधी एस्केलेटरने वर नेतात आणि मग मधल्या एका अवाढव्य टाकीभोवती गोल गोल फिरत खाली उतरायचं. त्या टाकीत व्हेल शार्क आहे. सगळं जग व्हेल शार्कपाशी थांबतं, नवराही थांबला, मी त्याला ओढत खाली नेलं कारण खोल समुद्राची टाकी जवळजवळ शेवटाला आहे.

तिथे अंधार. निळसर उजेड, आणि काचेमागे ते. पहिल्यांदा मला खेकडे दिसलेच नाहीत, वाटलं कोणीतरी वेताच्या काठ्या टेकवून ठेवल्यात. मग एक काठी हलली. नारिंगी, त्यावर पांढरे चट्टे, सांध्याला फिकट, टोक दाभणासारखं. ती अगदी हळू उचलली गेली, अंधारात जिना उतरणारा म्हातारा माणूस काठीने पायरी चाचपतो ना, तशी टाकीच्या तळाला दोनदा टेकली आणि मग तिच्यावर भार आला. गुडघे डोक्याच्या कितीतरी वर. धड मात्र मध्ये टांगलेलं, भोपळ्याएवढं, वर सगळे फोड फोड, आणि तोंडाशी ते बारीक बारीक अवयव शिवणयंत्रासारखे सारखे चाललेले. एकाचा एक पाय मुळापासून गेलेला होता. ह्यांचे पाय तसे जाळ्यात, मारामारीत जातातच, आणि पुढे कवच बदलताना हळूहळू परत येतात.

मी दहा पाय मोजले. तुटका सोडून दुसऱ्याचे मोजले, आठ चालायचे आणि दोन नांग्या. मोठ्याने मोजले. शेजारी एक चार-पाच वर्षांचा मुलगा काचेला नाक लावून "देकाई! देकाई!" ओरडत होता, म्हणजे केवढा मोठा. मला त्या पोराला उचलून घ्यावंसं वाटलं.

आणि माझा नवरा म्हणतो, "एवढासाच?"

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तेच वाटलं होतं, पण मी ते अजून त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही. वीस वर्षं डोक्यात ते चित्र, १२ फूट, शेजारी माणूस. आणि समोर हे महाशय पाय दुमडून कोपऱ्यात बसलेले, सगळे मिळून एखाद्या टीपॉयवर मावतील असे. मी ४० सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर नाही, थेट दादाला पाठवला, खाली लिहिलं "बघ." दोन निळ्या टिका लगेच आल्या. मग दहा मिनिटं नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं, आणि मग आलं, "हा मोठा? माझ्या बाईकच्या चाकाएवढा आहे. त्यात पाण्यातल्या वस्तू काचेतून मोठ्या दिसतात, हे तुला शाळेत शिकवलेलं आहे." इंजिनीअर आहे ना तो.

पाण्यातली वस्तू जवळ आणि म्हणून मोठी दिसते हे खरंच आहे. पण दादाची गफलत वेगळी आहे आणि ती सगळेच करतात. हा खेकडा म्हणजे मिटलेली छत्री आहे. मिटलेली छत्री बघून तिच्याखाली किती माणसं मावतील हे सांगता येत नाही. ह्याची पाठ जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर, बाकी सगळा माल पायांत. त्यातही १२ फूट भरतो तो नर, कारण वय वाढतं तशा नराच्या नांग्या लांबत जातात आणि शेवटी चालायच्या पायांच्याही पुढे निघतात, मादीच्या नांग्या आखूडच राहतात. जपानी लोकांनी नाव अगदी चपखल ठेवलंय, ताकाआशिगानी, ताका म्हणजे उंच, आशी म्हणजे पाय, कानी म्हणजे खेकडा. उंचपाया खेकडा. कोळी वगैरे नंतर आपण जोडलं. शास्त्रीय नाव मॅक्रोकायरा केम्फेरी, त्यातला केम्फर हा एक जर्मन डॉक्टर, डच कंपनीच्या नोकरीत १६९० ते १६९२ नागासाकीच्या देजिमा बेटावर होता, त्याचं नाव ह्याला १८३६ मध्ये टेमिंक नावाच्या डच प्राणिशास्त्रज्ञाने दिलं.

आणि हा राहतो जवळजवळ फक्त जपानच्या आसपास, मुख्यतः होन्शू बेटाच्या पॅसिफिक बाजूला, टोकियोच्या उपसागरापासून खाली क्युशूपर्यंत. सुरुगा उपसागर त्यासाठी प्रसिद्ध, जपानमधला सगळ्यात खोल उपसागर, जवळजवळ २,५०० मीटर, त्यामुळे होड्यांना किनाऱ्यापासून फार लांब जावं लागत नाही. त्याच्या काठावर हेदा म्हणून गाव आहे, तिथे ह्याचं रिकामं कवच रंगवून त्यावर राक्षसाचा चेहरा काढतात, घरावर वाईट काही येऊ नये म्हणून. मला तिथे जायचं होतं. नवऱ्याला किल्ला बघायचा होता. किल्ला बघितला.

आता दादाची बाजू पण लिहिते, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. त्याच रात्री त्याने गुगल केलं (वीस वर्षांत पहिल्यांदा!) आणि दीड वाजता मेसेज टाकला, "टास्मानियन जायंट क्रॅब. वाच." वाचलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचा, हा मात्र खराखुरा खेकडा, पाठ ४६ सेंटीमीटरपर्यंत रुंद, वजन १७ किलोच्या वर गेल्याची नोंद आहे, आणि नराची एक नांगी इतकी जाड की बाकीचा खेकडा तिला लटकवल्यासारखा दिसतो. म्हणजे नुसत्या पाठीच्या रुंदीत तो माझ्यावाल्याला मागे टाकतो, हे मान्य. वजनात माझावालाच पुढे, थोडक्यात का होईना. आणि खेकडे, कोळंबी, लॉबस्टर अशा सगळ्या कवचधारी मंडळींत वजनाला पहिला नंबर दोघांचाही नाही, तो लॉबस्टरचा, १९७७ मध्ये कॅनडात नोव्हा स्कॉशियाला २०.१४ किलोचा पकडला होता. तेव्हा कुठल्याही स्पर्धेत हा प्रश्न आला तर आधी हात वर करून विचारा, सर, मोठा म्हणजे कशाने? लांबीने, रुंदीने की वजनाने? मी विचारलं नाही, चूक झाली. पण किंग क्रॅब हे उत्तर तिन्हीपैकी कशानेच येत नाही, हे दादा, तू मेलास तरी बदलणार नाही. आणि पार्टनर निवडताना वयाने मोठा बघू नका, लायब्ररीत जाणारा बघा.

हां, धोकादायक का ते राहिलंच. नाही. बहुतेक वेळ १५० ते ३०० मीटर खोल असतो, अंडी घालायच्या वेळी वसंतात ५० मीटरच्या आसपास वर येतो, तेवढ्या खाली तुम्ही-मी जात नाही. खातो काय तर तळाला पडलेलं मेलेलं जनावर, शिंपले, शेवाळ, जे मिळेल ते. लहान असताना तर स्वतःच इतका घाबरट की पाठीवर स्पंज वगैरे लावून दगड असल्याचं सोंग करतो. नांगी मात्र जोरदार असते, जाळ्यातून सोडवताना बोट मध्ये गेलं तर चांगलं फाटेल, म्हणजे जपायचं ते तिथल्या मच्छीमारांनी.

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीचा फोन आला, चौथीत आहे, शाळेत समुद्री प्राण्यांचं प्रोजेक्ट होतं. "आत्या, सगळ्यात मोठा खेकडा कोणता गं? बाबा म्हणाले तुला विचार." मी दोन सेकंद गप्पच बसले. मग सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, १२ फूट सांगितलं, ती लिहून घेत होती, आणि मागून त्याचा आवाज आला, "रुंदीत नाही म्हणावं."