हो म्हणा, पण एक लाँगबुक घेऊन जा

भाऊ, तुम्ही विचारलंय की पारोळ्याच्या तुमच्या मित्राला कॅन्सर आहे, डॉक्टरांनी चार-सहा महिने सांगितलेत आणि तो मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याच्यामागे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा, म्हणून तुमचं नाव टाकतो म्हणतोय. हो म्हणावं का, आणि म्हटलं तर अडकायला होईल का? मी हे काम एकदा केलंय. माणूस अमळनेर तालुक्यातला, शाळेपासूनचा दोस्त. त्याला इथे आबा म्हणतो. मी निवृत्त शिक्षक आहे, वकील नाही. पुढचं सगळं चपला झिजवून कळलेलं आहे, म्हणून मसुद्याला वकील लागेलच हे आधीच सांगून ठेवतो.

हो म्हणा, पण एका अटीवर. मृत्युपत्रात काय लिहिलंय ते त्याने जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने, बायको-पोरांना समोर बसवून सांगायचं. तुम्ही तिथे बसा, पण बोलू नका. ही अट त्याला जमत नसेल तर हात जोडून मोकळे व्हा. आबाने मला विचारलं तेव्हा तो ओट्यावर खाटेवर पडून होता. "आते तुलेच देखनं पडी, भो," एवढंच म्हणाला. मी मान डोलावली आणि घरी येऊन रात्रभर जागा राहिलो. अट घालायचं सुचायला मला महिना लागला. आजाऱ्याच्या घरात महिना म्हणजे फार झाला.

अडकण्याचं म्हणाल तर, मृत्युपत्रात नाव आलं म्हणजे बांधले गेलात असं नाही. तो गेल्यावरही तुम्ही नकार देऊ शकता. मात्र एकदा मालमत्तेच्या कामाला हात घातला, कुणाचं देणं दिलं, कुणाकडून वसुली केली, की मग मधेच सोडून जाता येत नाही. म्हणून तुमच्यामागे पर्यायी म्हणून दुसरं एखादं तरुण नाव टाकायला सांगा. आपलंही वय झालंच की.

आता लाँगबुकाचं. दोनशे पानी वही घ्या आणि रोज संध्याकाळी तासभर त्याच्याजवळ बसा. शेतकरी माणसाची निम्मी मालमत्ता कागदावर नसतेच. आबाचा सगळा हिशोब भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानांमागे होता, तोही त्याच्या एकट्याच्या लिपीत. जूनच्या पानामागे लिहिलेलं: 'कोपरावाला ४० देणे.' चाळीस काय, हजार की शेकडा? आणि देणे म्हणजे आपण द्यायचे की आपल्याला यायचे? मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी त्यालाच विचारलं तर खोकत खोकत हसला. कोपऱ्यावरच्या मळेवाल्याचे तुषार सिंचनाचे चाळीस पाइप त्याच्या शेडमध्ये पडून होते, ते परत द्यायचे राहिले होते. तो गेल्यावर ही नोंद हाती लागली असती तर ते पाइप मी आबाचेच धरून यादीत चढवले असते आणि कोपरावाला दारावर बसायला आला असता तो भांडण घेऊनच.

असं वीस-बावीस दिवस चाललं. कृषी केंद्रावरची खताची उधारी, कापूस नेलेल्या व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे, चुलतभावाला लग्नात दिलेली रक्कम (आबा म्हणाला, ती सोडून दे, आणि मी तसंच लिहून त्याची सही घेतली), सामायिक विहिरीत आठ आणे हिस्सा आणि पाण्याची पाळी कुणाची कधी. एका पतसंस्थेत ठेव होती. ती पतसंस्था बुडाल्याला दहा वर्षं झालेली, पावती मात्र त्याने फडताळात जपून ठेवलेली. तीही यादीत घेतली, रक्कम लिहिली आणि पुढे 'आशा नाही' असा शेरा मारला. कुठल्या खात्याला कुठला मोबाईल नंबर जोडलेला आहे तेही लिहून घ्या.

याच वेळी नॉमिनी तपासा. आबाच्या एका मुदत ठेवीला नॉमिनी त्याचा थोरला भाऊ होता, लग्नाआधीपासून. आपल्याकडे लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्या माणसाचा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८३ मध्येच सांगितलं आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. विम्याच्या कायद्यात २०१५ पासून एवढा फरक झालाय की आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच धरतात. तो जिवंत असताना नॉमिनी बदलणं हे एका फॉर्मचं काम आहे. तेच तो गेल्यावर काका-पुतण्याचं भांडण होऊन बसतं.

शेतीत सगळ्यात मोठी चूक होता होता राहिली. आबाने पहिल्या मसुद्यात 'सर्व नऊ एकर धाकट्यास' असं लिहिलं होतं, कारण शेती धाकटाच करतो. वकिलांनी उतारा बघून विचारलं, यातलं वडिलोपार्जित किती? पाच एकर. मग त्या पाच एकरांत आबाला फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहिता येत होतं. त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने त्यावरचा उरलासुरला घोळही मिटला. स्वतः घेतलेले चार एकर मात्र कुणालाही देता येत होते. सोन्याचंही तसंच. 'घरातील सर्व दागिने' असं त्याने लिहिलं होतं. वहिनींच्या अंगावरचं आणि माहेरचं सोनं त्यांचं स्वतःचं, ते आबाने वाटायचा प्रश्नच नव्हता. राहत्या घराबद्दल वकिलांनी खोदून विचारलं, वहिनींना मालकी द्यायचीय की हयातभर राहण्याचा हक्क? दोन्हींत पुढे फार फरक पडतो. संदिग्ध लिहू नका म्हणाले.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. त्याची सही आणि त्याच्यादेखत दोन साक्षीदारांच्या सह्या एवढं पुरतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. आबाला जीपमध्येही बसवत नव्हतं. अशा वेळी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, तशी तरतूद नोंदणी कायद्यात आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला. लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन घेऊन मंडळी आली, आणि मशीन काही अंगठा घेईना! जन्मभर नांगर-विळा धरलेला हात, त्यात ती औषधं, रेघा जवळपास पुसल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसून झालं, डावा लावून झाला. वहिनींनी केलेल्या चहावर साय धरली तरी कुणी कपाला हात लावला नाही. चौथ्या खेपेला मशीनने घेतला. त्याच दिवसाच्या तारखेचं, रुग्ण शुद्धीवर असून समजून-उमजून बोलतो असं डॉक्टरांचं पत्र जोडलं. हे कायद्याने लागतंच असं नाही, पण उद्या कुणी कोर्टात 'बाबांना गुंगीत ठेवून सही घेतली' म्हणालं तर हाच कागद उपयोगी पडतो. साक्षीदार वयाने लहान, धडधाकट आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. वाद झाला तर निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. आमच्या वेळचा एक मित्र सही करायला फार उत्सुक होता, पण शुगर तीनशे! त्याला चहापुरता ठेवला.

मग ती बैठक. थोरला पुण्याहून आला, मुलगी सुरतेहून. आबाने थांबत थांबत सगळं सांगितलं. थोरला म्हणाला, "म्हणजे मला बांधावरचं गवत." आबा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुझ्या इंजिनिअरिंगला तीन एकर विकले, तेव्हा धाकट्याला कुणी विचारलं होतं का रे?" हे वाक्य मी कधीच बोलू शकलो नसतो. बापाने म्हटलं म्हणून पोराने ऐकून घेतलं. मी म्हटलं असतं तर माझी गचांडी धरली असती. मुलीने फक्त आईच्या घराचं विचारलं.

आबा माघात गेला, धुळ्याच्या दवाखान्यात. धाकटा मृत्यूच्या दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत गेला आणि हात हलवत आला. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, गावाला नाही. नोंद एकवीस दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या.

आमच्याकडून एक चूक झाली. गंधमुक्तीच्या (मृत्यूनंतरच्या विधीच्या) खर्चाला धाकट्याने आबाच्या एटीएममधून पैसे काढले. मनात काही नव्हतं त्याच्या, पण माणूस गेल्यावर त्याचं कार्ड, चेकबुक, मुखत्यारपत्र सगळं तिथेच थांबतं. थोरल्याने बरोबर त्याच नोंदीवर बोट ठेवलं. खर्च कुणीतरी पदरचा करावा, पावत्या ठेवाव्यात आणि नंतर मालमत्तेतून घ्यावा. क्रियाकर्माचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च सगळ्यात आधी निघतो, तसं १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातच आहे.

त्याच कायद्यात पुढे आणखी एक गोष्ट आहे, जी वाचून मला आबाचा सालदारच (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) डोळ्यांसमोर आला. मजुराची, घरगड्याची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी इतर देण्यांच्या आधी द्यायची. सालदाराचं वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं, त्याने उचल घेतलेली, मालक माघात गेलेला. सोसायटीवाले आणि कृषी केंद्रवाले पायरीवर उभे होते. मी वही उघडली, उचल वजा केली, कामाचे महिने मोजले आणि आधी त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. मग सोसायटीचं पीककर्ज, त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असतोच. आणि हे वारसांना समजावून सांगा की बापाचं कर्ज बापाच्या मालमत्तेपुरतंच, पोरांच्या पगाराला कुणी हात लावू शकत नाही. देणी फिटल्याशिवाय वाटप करू नका, कुणी कितीही घाई केली तरी. कायदाच तुम्हाला वर्षभराची मोकळीक देतो.

एका बँकेत मला 'प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) आणा' म्हणून चार फेऱ्या मारायला लावल्या. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मालमत्तेच्या अशा मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. आणि खात्याला नॉमिनी असेल तर वारस दाखला मागू नये, कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. चौथ्या फेरीला मी म्हटलं, नाही म्हणता ते लेखी द्या. मग काम झालं.

सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मृत्युपत्राची प्रत आणि दाखला जोडून अर्ज द्यायचा. सगळ्या वारसांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. आली तर सुनावण्या सुरू. आमच्याकडे थोरल्याने हरकत घेतली नाही. आबाचं शेवटच्या वर्षाचं इन्कम टॅक्सचं रिटर्नही भरावं लागलं, ते सीएने केलं.

मी मोबदला घेतला नाही. एसटीचं तिकीट आणि झेरॉक्स तेवढी वहीत लिहिली. आखाजीला मुलगी माहेरी आली होती, आबाच्या नावाची घागर भरली होती, त्याच दिवशी तिघांना बसवून वहीचं पान न् पान वाचून दाखवलं आणि प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या घेतल्या. थोरला अजून माझ्याशी तुटकच बोलतो. पण सही त्याने केली.

तुम्ही सोमवारी दोन कामं करा. वकिलाकडे त्याच्या जमिनीचे उतारे टाका आणि गृहभेटीच्या नोंदणीला काय काय लागतं ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून या. वही मात्र आज संध्याकाळीच घेऊन जा. औषध घेतल्यावर गुंगी किती वाजता येते ते वहिनींना विचारा आणि त्याच्या आधी बसा.