हौसेसाठी पहिली .२२ रिमफायर रायफल घ्यायची आहे. रायफल, दुर्बीण, बायपॉड (नळीकडचा दोन पायांचा टेकू), इतर सामान यांपैकी आधी कशाकडे बघावं?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं क्लबच्या एअर रायफलवर १० मीटरचा सराव झालाय, परवाना हातात आहे, आणि आता स्वतःची .२२ घेऊन ५० मीटरवर कागदावर नेम धरायचा आहे. स्पर्धा नाही, निव्वळ हौस. खाली सामानाची यादी दिली आहे: रायफल, मोठी दुर्बीण, बायपॉड, पिशव्या, साफसफाईचा संच. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, 'काडतुसं जी मिळतील ती'.

ती ओळ उचलून सगळ्यात वर ठेवा. पंधराएक वर्षं रिमफायरवर घालवल्यावर कुणी मला एकच गोष्ट सांगायला लावली तर मी हीच सांगेन.

कारण या काडतुसाच्या बांधणीतच आहे. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळं प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, असतं. वापरलेल्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी कवचात) नवं प्रायमर, मोजून तोललेली पावडर आणि नवी गोळी बसवून नेमबाज ते घरी पुन्हा भरू शकतो. रिमफायरमध्ये तसं नाही. पितळी केसच्या बुडाची कड आतून पोकळ असते, त्या पोकळीत स्फोटक लेप फिरवून बसवलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेचते. एकदा चेचलेली केस संपली. ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेरने १८४५ मध्ये तिचं पहिलं रूप आणलं, स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये .२२ शॉर्ट काढलं, आणि आपण जे .२२ लाँग रायफल वापरतो ते १८८७ मधलं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. तेव्हापासून आजतागायत कारखान्यातून जे येईल तेच नळीत जातं. तुम्ही पावडर बदलू शकत नाही, गोळी बदलू शकत नाही. निवडणं तेवढं तुमच्या हातात आहे.

आणि ही निवड मोठी आहे. पावडर असते साधारण एक दशांश ग्रॅम. त्यात किंचित कमीजास्त झालं, लेप एका बाजूला थोडा जाड बसला, की गोळीचा वेग बदलतो. सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. आता हे शेजारी ठेवून बघा: ऑलिंपिकच्या ५० मीटर कागदावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच अंतरावर, याच जातीच्या काडतुसावर. त्या पातळीचे नेमबाज हजारो काडतुसांचा एकच लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, आधी तपासून मग घेतात. ही चैन नाही, गरज आहे.

मला हे उशिरा कळलं. एका काडतुसाचा एक लॉट माझ्या रायफलला असा जमला होता की ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावर पडलेल्या भोकांचा घोळका) अंगठ्याच्या नखाखाली झाकायचा. तो संपला. त्याच नावाची, त्याच रंगाची नवी खोकी आणली आणि ग्रुप दुप्पट झाला. महिनाभर मी श्वास तपासला, खांदा तपासला, ट्रिगरवरचं बोट तपासलं. मग वहीत बघितलं तर ज्या दिवशी लॉट नंबर बदलला त्याच दिवशी ग्रुप उघडला होता. नाव तेच, चव वेगळी. म्हणून रायफल घरी आली की पाच-सहा प्रकारची काडतुसं थोडी थोडी घ्या. ईली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस, सीसीआय, जे कायदेशीरपणे मिळेल ते. प्रत्येकाचे पाच गोळ्यांचे किमान चार ग्रुप मारा. एक ग्रुप बघून निर्णय घेऊ नका, एक चांगला ग्रुप कुठलंही काडतूस कधीतरी देतंच. प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका, कारण प्रत्येक कारखान्याचं गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि नळीत नव्या मेणाचा थर बसायला तेवढ्या गोळ्या जातात. जो लॉट जमेल त्याची परवान्यात बसतील तेवढी खोकी त्याच दिवशी घ्या.

खोक्यावर 'हाय व्हेलॉसिटी' वाचून भुलू नका. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. स्टँडर्ड काडतुसाची २.६ ग्रॅमची गोळी नळीतून बाहेर पडते तीच ३२० ते ३३० मीटरने, म्हणजे ध्वनीच्या खालीच, आणि शेवटपर्यंत खालीच राहते. हाय व्हेलॉसिटी गोळी ३८० च्या आसपास निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरते. त्या टप्प्यात हवेचा रोध फार असतो. ऐकायला उलटं वाटेल, पण याच कारणाने आडव्या वाऱ्यात वेगवान गोळी हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. कागदासाठी हळूच घ्या.

आता रायफल. तुमच्या कामाला बोल्ट ॲक्शन. रुगरची १०/२२ ही १९६४ पासून चालत आलेली सेमी-ऑटो अतिशय भरवशाची आहे आणि तिचं दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन मला आजही देखणं वाटतं, पण तिच्यावर माणूस गोळ्या उडवायला शिकतो. बोल्ट हाताने ओढावा लागला की प्रत्येक गोळीच्या आधी एक श्वास आपोआप मिळतो. सीझेड ४५७ किंवा टिक्का टी१एक्स यांच्यावर कितीतरी वर्षं शिकता येईल. ॲन्शुट्झची ५४ ॲक्शन त्याच्या खूप वरची. सेकंडहँड आणि नीट राखलेली मिळाली तर नवी साधी रायफल सोडून तीच घ्या. मॉडेलपेक्षा मी तीन गोष्टी बघेन. ट्रिगर एकसारखा आणि स्वच्छ सुटतो का. दस्ता खांद्याला लावल्यावर गाल जिथे टेकतो तिथूनच डोळा दुर्बिणीच्या मध्यावर येतो का. गाल उचलावा लागत असेल तर ती रायफल तुमची नाही, किंवा गालाखाली पॅड लागेल. आणि नळीच्या तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, तिथे ओरखडा नाही ना. लांब नळीचा हट्ट धरू नका. एवढी थोडी पावडर ४०-४५ सेंटीमीटरमध्येच आपलं काम संपवते. त्यापुढची लांबी उघड्या साइट्सना अंतर देते आणि वजनाने स्थैर्य देते, वेग देत नाही. .१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम या जास्त जोरदार रिमफायर काडतुसांचं कुतूहल वाटेल, पण ५० मीटरच्या कागदाला त्यांची गरज नाही.

दुर्बिणीत लोक हमखास एका ठिकाणी चुकतात. मोठ्या रायफलीसाठी केलेल्या बऱ्याच दुर्बिणींचं पॅरॅलॅक्स कारखान्यात १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, कायम केलेलं असतं. ती ५० मीटरला वापरली की डोळा किंचित सरकला तरी क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) कागदावर सरकतो. रायफल जागची हललेली नसते, तरी नेम बदलतो. घेण्याआधी तपासायला सोपं आहे. रायफल पिशव्यांवर घट्ट टेकवा, हात काढून घ्या, दुर्बिणीतून बघत डोकं वरखाली, डावीउजवीकडे हलवा. क्रॉसहेअर काळ्या ठिपक्यावर स्थिर राहिला पाहिजे. रिमफायरसाठी केलेली दुर्बीण किंवा जवळच्या अंतराला जुळवता येणारी दुर्बीण घ्या. ९ ते १२ पट मोठं दिसलं की पुष्कळ झालं. २४ पटीत स्वतःच्या छातीचे ठोके बघत बसाल आणि ट्रिगर सुटणार नाही. दुर्बिणीची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर साधारण ३.६ मिलिमीटर सरकवते, म्हणजे सेंटीमीटरभर आणायचं तर तीन क्लिक. आणखी एक: अनेक .२२ रायफलींच्या पाठीवर दुर्बीण बसवायला ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, पिकाटिनी ही रुंद, दातेरी पट्टी नव्हे. माउंट, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या कड्या, त्याच मापाचे घ्या. खरं तर तुम्हाला १० मीटरमुळे डायऑप्टर साइटची (बारीक भोकातून बघायच्या, भिंगाशिवायच्या साइटची) सवय आहे. रायफलीवर ती बसत असेल तर पहिलं वर्ष तिच्यावरच काढा असंही मी सुचवेन.

बायपॉड यादीतून काढा. कठीण बाकावर त्याचे पाय उसळतात आणि प्रत्येक वेळी वेगळे उसळतात. त्याऐवजी दोन पिशव्या: पुढची जड, वाळूने गच्च भरलेली, दस्त्याच्या पुढच्या भागाखाली (नळीखाली कधीही नाही), मागची लहान, मऊ, दस्त्याच्या टाचेखाली. मागची पिशवी मुठीत दाबली की क्रॉसहेअर किंचित खाली येतो, सोडली की वर जातो. उंची अशीच जुळवायची, खांद्याने नाही. मोजून पिळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर मात्र घ्या. ग्रुप दोन वेगळ्या घोळक्यांत पडायला लागला तर हात दोषी धरण्याआधी दस्त्याचे आणि माउंटचे स्क्रू तपासा. माझ्या बाबतीत दोन वेळा तेच निघालं.

सगळ्यात मोलाचं सामान तुमच्या यादीत नाहीच: काठीला बांधलेली हलकी रिबन. एक १५ मीटरवर, एक ३५ मीटरवर, सगळ्यांचा नेम थांबलेला असताना आणि रेंज ऑफिसरला विचारून लावलेली. तासाला १६ किलोमीटरची आडवी झुळूक ५० मीटरवर गोळीला अडीच-तीन सेंटीमीटर ढकलते. गालाला ती झुळूक जाणवते, पण तिथे उभं राहून तुमच्या गालाला जाणवणारा वारा वाटेतला वारा असतोच असं नाही. रिबन एकाच कोनात आली की मारायचं, कोन बदलला की थांबायचं. रिबन लावल्याच्या पहिल्याच दिवशी कितीतरी 'हाताच्या चुका' वाऱ्याच्या होत्या असं दिसून येतं. सामान घेताना मी आता एवढंच विचारतो, हे मला माझी चूक दाखवेल का? रिबन दाखवते, वही दाखवते, लॉट नंबर दाखवतो. रंगीत बोल्टची मूठ काहीच दाखवत नाही.

साफसफाईचा मोठा संच नको. शिशाच्या मऊ गोळीने नळी फारशी झिजत नाही. घाईने, तोंडाकडून खुपसलेल्या रॉडने क्राउन बिघडतो. एकसंध, वेष्टण असलेला रॉड, बोअर गाइड (रॉड नळीत सरळ नेणारी नळकांडी), चिंध्या, थोडं तेल. रॉड मागून आत. खरी घाण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या टोकाशी, काजळी आणि शिशाच्या कड्याच्या रूपाने साचते; काडतूस आत जाताना अडखळायला लागलं की ती काढा. नळी लखलखीत करण्याच्या मागे लागू नका, त्यानंतर मेणाचा थर पुन्हा बसवण्यात गोळ्या जातात.

सुरक्षेचं तुम्हाला क्लबने शिकवलंच आहे, पण एअर रायफलवरून येणाऱ्याला काही गोष्टी नव्या असतात. .२२ चा आवाज लहान वाटतो, तरी क्षणिक पातळी १४० डेसिबलच्या आसपास जाते, कान झाकाच. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा चष्मा, कारण केसची कड फुटली तर गॅस मागे येतो. काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. 'फुस्स' असा दबका आवाज आला तर पुढची गोळी भरायची नाही. आधीची नळीत अडकली आहे का ते बघायचं. ही गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि दगडावरून, पाण्यावरून उसळते, म्हणून मागे मातीचा भक्कम बंधारा नसेल तिथे रायफल बाहेरच काढू नका. चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामा आहे हे दाखवणारी रंगीत पट्टी) लावायला विसरू नका. शेवटी साबणाने हात धुवा, बोटांवर शिसं असतं.

कोरडा सराव, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढण्याचा, घरी करायचा तर रिकाम्या चेंबरवर पिन पडू देऊ नका, आधी रायफलीचं मॅन्युअल वाचा. बऱ्याच रिमफायरमध्ये केस नसली की पिन चेंबरच्या धातूवर आदळून तिथे खळगा पाडते. डमी काडतूस वापरा, आणि खरं एकही काडतूस त्या खोलीत असता कामा नये.

तीन-चार महिने बाकावरून लॉट ठरला, झिरो झाला (दुर्बीण ५० मीटरला जुळली), की बाक सोडा आणि मॅटवर पालथे पडा, स्लिंग (दंडाला रायफल बांधणारा पट्टा) लावून. मग क्रॉसहेअर ठोक्याठोक्याला उडी मारताना दिसेल. घाबरू नका, ती दंडातली नाडी आहे, स्लिंगच्या पट्ट्यातून रायफलीपर्यंत पोचते. पट्टा दंडावर आणखी वर, बगलेकडे सरकवा, खाली जाड बाहीचं जाकीट घाला, आणि पुढच्या हातात हातमोजा घाला. उडी निम्म्यावर येते. उरलेली दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बसवता येते, आणि ती जागा सापडायला मला एक अख्खा पावसाळा लागला होता.