मुक्तस्रोत हातमाग बनवायचा असल्यास सुरुवात कोठून करावी?

पारंपरिक हातमागाला इलेक्ट्रॉनिक्सची जोड देऊन, ज्याचे आराखडे कोणालाही विनामूल्य वापरता येतील असा माग आपल्याला बनवायचा आहे आणि थेट जॅकार्डला, म्हणजे ताण्याचे (उभे) धागे स्वतंत्रपणे उचलून हवी ती नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला, हात घालावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की सुरुवात डॉबीपासून, म्हणजे ताण्याचे धागे गटागटाने चौकटींत ओवून त्या चौकटी उचलणाऱ्या साध्या यंत्रणेपासून, करावी. जॅकार्डमध्ये धागे उचलणारे शेकडो हूक स्वतंत्रपणे चालवावे लागतात आणि तितक्याच बिघाडाच्या जागा निर्माण होतात. अमेरिकेतील ओएसलूम प्रकल्पाने जॅकार्डच निवडला होता, त्याचा अभ्यास अवश्य करावा. डॉबीत मात्र 16 चौकटींना 16 सोलेनॉइड (वीज मिळताच आतला दांडा सरकवणारी विद्युतचुंबके) पुरतात आणि तेवढ्यावर ताण्याचे धागे 65,536 प्रकारे उचलता येतात.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. सोलेनॉइडने चौकट उचलायची नसते, कोणती उचलायची एवढेच ठरवायचे असते. उचलण्याचे बळ विणकराच्या पायातूनच यावे. हातमागासाठी काही वस्त्रे राखून ठेवणाऱ्या 1985 च्या केंद्रीय कायद्याने यंत्रमाग नसलेल्या मागालाच हातमाग मानले आहे, त्यामुळे मोटर बसवली की त्या संरक्षणाचाच प्रश्न उभा राहतो आणि त्याची झळ आपल्याला नव्हे, विणकराला बसते.

तुटलेला धागा सांधायला विणकर थांबतो तेव्हा चौकटी उचललेल्याच राहतात, आणि तेवढा वेळ वीज वाहत राहिली तर सोलेनॉइड हाताला चटका बसण्याइतके तापते. म्हणून क्षणभर वीज मिळताच अडकणारी आणि नंतर विजेविना टिकणारी खिटी करावी. सुताचे बारीक तंतू सोलेनॉइडच्या दांड्याभोवती साचून तो अडकतो, तेव्हा तो भाग झाकलेला, पण पुसायला सहज उघडणारा असावा.

नक्षीसाठी कोलोरॅडो विद्यापीठात लॉरा डेव्हेंडॉर्फ यांच्या चमूने विकसित केलेले अडाकॅड हे मुक्तस्रोत संगणकीय साधन पाहावे. आराखड्यांची मापे मात्र गावातल्या सुताराला आणि लेथवाल्याला वाचता येतील अशी, मिलिमीटरमध्ये आणि कागदावर द्यावीत. जो माग येवल्यात दुरुस्त होत नाही, तो येवल्याच्या विणकरासाठी मुक्त नाहीच.

पैठणीच्या पदराला मात्र हे यंत्र लावू नये. तेथे प्रत्येक रंगाची छोटी कांडी बोटांनी फिरवून शेजारच्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत गुंतवले जातात, आणि ते डॉबीचे कामच नव्हे. साडीच्या साध्या अंगावरच्या बारीक विणीसाठी, टॉवेलांसाठी आणि चादरींसाठी ते उपयोगी पडेल. पहिला नमुना विणकराच्या चालू मागावर बसवू नये, कारण माग बंद राहिला की त्या दिवसाची मजुरी बुडते. जुना रिकामा माग विकत घेऊन त्यावर प्रयोग करावा आणि विणकराला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.