शाकाहारी झाल्यावर घरखर्च वाढतो की घटतो?

आपण विचारले आहे की पुण्यात भाड्याच्या घरात राहणारे, दोघेही नोकरी करणारे आणि आठवड्यातून चार दिवस मासे-चिकन खाणारे जोडपे पूर्ण शाकाहारी झाले, तर महिन्याचा खर्च घटेल की वाढेल आणि रोजच्या व्यवहारात काय बदलावे लागेल. मी मूळचा मालवणकडचा, राहायला ठाण्यात. सहा वर्षांपूर्वी पाळलेला श्रावण मी आणि पत्नीने पुढे सोडलाच नाही. कारणे आपण विचारलेली नाहीत, म्हणून थेट हिशेबावर येतो.

पहिल्या तीन महिन्यांत आमचा खर्च वाढला. त्यापूर्वी चार माणसांच्या घरात मासे, चिकन आणि अंडी मिळून महिन्याला पाच हजारांच्या आसपास जात असत. ते बंद केल्यावर ताटातली रिकामी जागा आम्ही पनीर, मश्रूम, चीज आणि आठवड्यातून एकदा बाहेरचे जेवण यांनी भरली, आणि तोच आकडा सहा हजारांच्या वर गेला. वर वजन वाढले ते वेगळेच, कारण पनीर नसेल त्या दिवशी बटाटा किंवा साबुदाणा असे. चूक साधी होती. मांसाहारी माणसाला शाकाहारी जेवण म्हणजे हॉटेलातल्या मेनूकार्डाचे डावे पान वाटते. प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात पनीर क्वचित येते आणि डाळी-कडधान्यांचे डबे मात्र सात-आठ असतात.

प्रथिनांची किंमत काढून पाहिली तेव्हा हे नीट लक्षात आले. आमच्या भागातल्या सध्याच्या भावाने, म्हणजे तूरडाळ १४० रुपये किलो धरली तर, त्यातल्या सुमारे २२ टक्के प्रथिनांच्या हिशेबाने १० ग्रॅम प्रथिने साडेसहा रुपयांना पडतात. शेंगदाण्यांतून ती साधारण सहा रुपयांना मिळतात आणि सोयाबीनच्या वड्यांतून तीन रुपयांच्या आत, कारण त्यांत निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात. सात रुपयांच्या अंड्यातून तेवढ्याच प्रथिनांना बारा रुपये लागतात, हाडांचे वजन वजा केल्यावर चिकनमधून अठराच्या आसपास, आणि चारशे रुपये किलोच्या पनीरमधून बावीस. सुरमईचा हिशेब मी मुद्दाम केला नाही, ती कोणी प्रथिनांसाठी खात नाही. थोडक्यात, चिकन सोडून पनीर धरणारा माणूस पैसे वाचवत नाही, आणि अंडी व सुकट यांवर भागवणाऱ्या घराचा खर्च शाकाहाराने फारसा कमी होत नाही. बचत होते ती पापलेट-सुरमई आणि मटण घेणाऱ्यांची, तीही बदल्यात डाळी-कडधान्ये आली तर.

घडी बसल्यावर मासे-चिकनच्या जागी आलेल्या शाकाहारी जिनसांचा आमचा खर्च तीन हजार ते सव्वातीन हजारांवर स्थिरावला. त्यात सर्वांत मोठा वाटा कडधान्यांचा नसून दूध-दह्याचा आहे. रोज अर्धा लिटर दूध जास्त लागते आणि तेच महिन्याला हजाराच्या जवळ जाते. भाज्यांचे नऊशे धरा, पण हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला तेव्हा आम्ही दीड महिना कोकम आणि चिंचेवर काढला. मांसाहारी घराला असा फटका बसतो तेव्हा निदान अंड्याकडे वळता येते. शाकाहारी घराला आमटीत आंबट काय घालायचे याची दुसरी सोय ठाऊक असावी लागते.

पैशांत जे वाचते ते वेळेत द्यावे लागते, आणि आपण दोघेही नोकरी करता म्हणून हा मुद्दा मला भावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बांगडे साफ करून आणले की अर्ध्या तासात तिखले तयार होते. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची तयारी आदल्या रात्री सुरू होते. रात्री वाटाणे भिजत घालायचे विसरलात तर ते दहा शिट्ट्यांनाही दाद देत नाहीत. मटकी सकाळी भिजवायची, रात्री उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधायची आणि चाळणीवर उपडे भांडे घालून ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंच्याच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर डोकावतात. पावसाळ्यात ही गाठोडी ओट्याच्या कोपऱ्यात फार वेळ राहिली तर मटकी बुळबुळीत होऊन वास येतो, मग सगळे फेकावे लागते. आमचे असे दोनदा झाले. आता रविवारी छोले, राजमा आणि वाटाणे एकाच वेळी भिजवून, वेगवेगळे शिजवून, एकेका जेवणापुरते डब्यांत भरून आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो. मूग आणि मसूर यांना ही पूर्वतयारी लागत नाही, म्हणून विसरभोळ्या घरात हे दोन डबे कधी रिकामे होऊ देऊ नयेत. गॅस थोडा जास्त जातो, पण भिजवण्याची शिस्त लागली की फरक जाणवण्याइतका राहत नाही.

चवीची चिंता आपण केलेली दिसते. मासे सोडणाऱ्याला बहुतेक वेळा माशापेक्षा त्याच्या वाटपाची आठवण येते, असा माझा अनुभव आहे. भाजलेले खोबरे, धणे, सुकी मिरची आणि तिरफळ यांना आत काय शिजते याने फरक पडत नाही. उडदामेथी बांगड्याची होते तशीच आंबाड्यांचीही होते. फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ आणि सुरणाचे तळलेले काप हे पदार्थ कोकणात नवे नाहीत. फक्त आमच्याकडे ते सोमवार-गुरुवारपुरते असत. आपले माहेर-सासर घाटावरचे असेल तर पिठले, शेंगोळे, हुलग्याचे माडगे आणि मासवडी हे सगळे हाताशी आहेच. मासवडीत मासा नसतो हे सांगायला नको.

आता प्रकृतीचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ व्यक्तीला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम २० ते २५ ग्रॅम डाळ असते आणि तिच्यातून मिळतात पाचेक ग्रॅम प्रथिने. म्हणून ‘रोज वरण-भात खातो’ एवढ्याने भागत नाही. दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ, सोबत पोळी-भाकरी, दिवसाला मोठा पेला दूध किंवा दही आणि मूठभर दाणे धरले तर हिशेब आरामात जमतो. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे वनस्पतींतले लोह कमी शोषले जाते. आपल्या पत्नीने हे विशेष सांभाळावे.

बी-१२ जीवनसत्त्वाबाबत मात्र मी बेफिकीर राहिलो आणि ते मला भोवले. दीड वर्षाने पायांना मुंग्या येऊ लागल्या, तपासणीत आकडा दोनशेच्या खाली निघाला आणि डॉक्टरांनी आधी इंजेक्शने व नंतर गोळ्या दिल्या. हे जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचे असे कुठेच मिळत नाही. शेवग्याची पाने, आंबवलेली इडली, स्पिरुलिना यांची नावे घेतली जातात, त्यांवर विसंबू नये. दूध-दही नियमित असेल तर बराच आधार मिळतो, तरीही सुरुवातीला एकदा आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी करावी आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. हा खर्चही महिन्याच्या हिशेबात धरायला हवा. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याचे आपल्याला वावडे असेल तर गोळी मागावी.

पाकिटांवरचा हिरवा ठिपका पाहण्याची सवय आठवडाभरात लागते. अंडे असलेल्या केक-बिस्किटांवर मांसाहारी चिन्ह असते. ते पूर्वी तपकिरी ठिपक्याचे होते, आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण असतो. अंडी ठेवायची की सोडायची हे दोघांनी आधीच ठरवा, कारण अर्ध्यात ठरवताना वाद होतात. दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्या घराने निदान पहिले सहा महिने ती ठेवावीत असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट घडेल: भाड्याचे घर शोधताना ‘शाकाहारी आहोत’ म्हटल्यावर काही दारे एकदम उघडतात. मला स्वतःला त्या उघडण्याचा आनंद झाला नाही, पण हा व्यवहारातला बदल आहे, म्हणून नोंदवतो.

घरात सगळे एकाच मताचे नसतील तर बचत घटते हेही लक्षात घ्या. माझी आई पंचाहत्तर वर्षांची आहे, तिने मासे सोडलेले नाहीत आणि सोडावेत असे मी तिला कधी म्हटलेही नाही. तिच्यासाठी महिन्याला सातशे-आठशेची मासळी येते, तवा वेगळा आहे, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असताना भाव चढले की ती जवळ्यावर भागवते. लेक बाहेर चिकन खाते. त्यामुळे कागदावर दोन हजारांच्या घरात दिसणारी आमची बचत प्रत्यक्षात हजाराच्या आसपास येते. आपण दोघेच आहात आणि दोघांचे ठरले आहे, तेव्हा माणशी हिशेबाने आपले याहून बरे जमेल, फक्त पनीर आठवड्यातून एकदाच आणा.